यंत्राने उत्तर दिलं, पण ताळा कोणी केला?

प्रश्न : मी हिशेबनीस आहे. विज्ञान बारावीनंतर सुटलं, पण वाचायची आवड आहे. हल्ली रोज एक तरी बातमी दिसते. एआयने पन्नास वर्षांचं कोडं सोडवलं, एआयने नवं प्रतिजैविक शोधलं, एआय डॉक्टरांपेक्षा अचूक निघालं. माझी मुलगी जीवशास्त्राच्या पदवीला दुसऱ्या वर्षात आहे. ती म्हणते, ‘आई, प्रयोगशाळेत पिपेट धरायला शिकून उपयोग काय? आता सगळं यंत्रच शोधणार.’ माझ्याकडे उत्तर नाही. चॅटबॉटला विचारलं, तर माझ्या बाजूने विचारल्यावर तो माझी री ओढतो आणि तिच्या बाजूने विचारल्यावर तिची. वाचायला म्हणून त्याने तीन शोधनिबंध सुचवले, त्यातला एक कुठेच सापडला नाही. या बातम्यांतलं किती धरायचं, किती सोडायचं? या यंत्राकडून काही शिकायचं तर कसं? आणि पैसे भरून मिळणारी आवृत्ती घ्यावी का?

उत्तर : तुम्ही कामावर रोज जे करता तेच इथे करा. बेरीज कोणी केली हे नंतर बघू. ताळा जुळला का, आणि ताळा करणारा बेरीज करणाऱ्यापेक्षा वेगळा होता का, हे आधी विचारा. उत्तर बरोबर की चूक हे जिथे यंत्राबाहेरून, लवकर आणि फार खर्च न करता कळतं, तिथे एआयने खरोखर थक्क करणारं काम केलं आहे. जिथे ते कळायला वर्षं लागतात किंवा कळतच नाही, तिथे मथळा आणि वस्तुस्थिती यांच्यात हमखास अंतर पडतं.

तुमचं ‘पन्नास वर्षांचं कोडं’च घ्या. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. आम्लं वीस प्रकारची, आणि एकेका साखळीत ती काही डझनांपासून हजारोंपर्यंत. पेशीत ही साखळी स्वतःभोवती घडी घालून ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. साखळीतला क्रम वाचणं केव्हाच सोपं झालं होतं. आकार काढायचा तर प्रथिन शुद्ध करा, त्याचे स्फटिक वाढवा, त्यावर क्ष-किरण सोडा, आणि त्यात महिने, कधी वर्षं घालवा. नुसत्या क्रमावरून आकार सांगता येईल का, हे कोडं होतं. गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड या एआय मॉडेलने ते २०२० मध्ये बऱ्याच अंशी सोडवलं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना, नवी प्रथिनं रचण्याच्या कामासाठी.

हे यश विश्वासार्ह का, याचं कारण बातमीत सहसा येत नाही. या क्षेत्रात १९९४ पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ नावाची परीक्षा होते. ज्यांचा आकार प्रयोगशाळेत निघाला आहे किंवा निघण्याच्या बेतात आहे, पण जाहीर झालेला नाही, अशा प्रथिनांचे फक्त क्रम स्पर्धकांना मिळतात. अंदाज आधी जमा होतात, उत्तरपत्रिका नंतर उघडते आणि गुण तिसरेच लोक देतात. १०० पैकी ९० च्या आसपास गुण म्हणजे प्रयोगाच्या तोडीचं, असा तिथला ढोबळ संकेत. २०२० मध्ये अल्फाफोल्डचा मध्यक ९२.४ होता. कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेले गुण असते, तर या आकड्याला कोणी विचारलं नसतं.

दुसरी गोष्ट मुलीसाठी. अल्फाफोल्ड शिकलं ते १९७१ पासून जमत गेलेल्या ‘प्रोटीन डेटा बँक’ या खुल्या संग्रहावर. तेव्हा त्यात सुमारे १,७०,००० रचना होत्या. त्यातल्या बहुतेक रचना कुणीतरी पिपेट (मोजून द्रव घ्यायची नळी) हातात धरून, स्फटिक वाढवून, तो फसला की पुन्हा वाढवून काढलेल्या आहेत. कॅस्पची उत्तरपत्रिकाही अशाच हातांनी तयार होते. ही माणसं नसती तर यंत्राला शिकायला साहित्य नसतं आणि तपासायला कोणी नसतं.

एखाद्या रविवारी दोघी मिळून हे करून पाहा. अल्फाफोल्डचा डेटाबेस फुकट आहे, वीस कोटींहून जास्त अंदाज त्यात आहेत. मानवी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा क्रमांक पी६८८७१ (शोधताना अक्षर आणि आकडे इंग्रजीत टाका). १४७ आम्लांची साखळी दिसेल, जवळजवळ सगळी गडद निळी. हे रंग म्हणजे यंत्राने स्वतःच्या उत्तरावर ठेवलेला विश्वास : ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिका निळा, ५० ते ७० पिवळा, त्याखाली नारिंगी. आता पी०४६३७ उघडा. हे पी५३, कर्करोगाच्या अभ्यासातलं फार प्रसिद्ध प्रथिन. मधला, डीएनएला धरणारा भाग निळा आहे आणि टोकांना नारिंगी सैल वेढे लोंबताहेत. नवखा माणूस त्या वेढ्यांनाच आकार समजतो. प्रत्यक्षात तिथे यंत्र ‘मला सांगता येत नाही’ म्हणतंय, आणि अनेकदा त्या भागाला पेशीतही स्थिर आकार नसतो. शेजारी एक चौकोनी आलेख असतो. साखळीचे दोन निळे भाग एकमेकांच्या संदर्भात कुठे आहेत याची खात्री किती, हे तो सांगतो. भाग वेगवेगळे अचूक आणि त्यांची एकमेकांशी मांडणी चूक, असं होऊ शकतं. हा आलेख न पाहता निष्कर्ष काढणं ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक.

परत हिमोग्लोबिनकडे या. पानावरच्या त्या साखळीत लोह धरणारा हीम हा रेणू नाही. त्याची खोबण आहे, आत काही नाही. एकूण चार साखळ्या एकत्र येऊन हिमोग्लोबिन होतं, तेही इथे दिसत नाही. (२०२४ मध्ये आलेली पुढची आवृत्ती असे जोडीदार रेणूही हाताळते.) आणि खरी मेख पुढे आहे. सिकल सेल आजारात या साखळीतलं एकच आम्ल बदलतं : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. पुस्तकात ती सहावी जागा सांगतात, डेटाबेसमध्ये सातवी येईल, कारण तिथे सुरुवातीचं, पुढे गळून पडणारं मेथिओनिनही मोजलेलं असतं. एवढ्या एका बदलाने सुट्या साखळीचा आकार जवळपास तसाच राहतो. आजार होतो तो ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि लाल पेशी वाकवतात म्हणून. म्हणजे आकाराचं उत्तर अगदी बरोबर असूनही आजार त्यात कुठेच दिसत नाही. ‘प्रथिनांचं कोडं सुटलं, आता सगळे आजार कळतील’ या उडीत नेमकं काय राहून जातं, ते मुलीला इथे दाखवता येईल.

हवामानाची गोष्ट थोडक्यात. २०२३ च्या ग्राफकास्ट या मॉडेलने दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका यंत्रावर मिनिटभरात दिला आणि बहुतेक मोजमापांत युरोपीय हवामान केंद्राच्या पारंपरिक मॉडेलला मागे टाकलं. युरोपीय केंद्राने २०२५ मध्ये स्वतःचं एआय मॉडेलही रोजच्या वापरात आणलं. इथे ताळा आपोआप होतो, उद्या उजाडतोच. तरी दोन टिपा ठेवा. ग्राफकास्ट १९७९ ते २०१७ च्या ज्या नोंदींवर शिकलं, त्या नुसत्या नोंदी नव्हत्या. उपग्रह, फुगे, जहाजं यांची मोजमापं भौतिकशास्त्राच्या मॉडेलमध्ये घालून तयार केलेला तो संच होता. म्हणजे जुनं शास्त्र पायातच आहे. दुसरी : शिकताना अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाच्या वर्गाची (स्क्वेअरची) सरासरी कमी करायची असं सांगितलं की मॉडेल अनिश्चित ठिकाणी मधलं उत्तर द्यायला शिकतं. त्यामुळे लांबच्या दिवसांचे नकाशे गुळगुळीत होतात आणि वादळाचा जोर कमी दिसू शकतो. सरासरीत पहिला आलेला नेमका टोकाच्या दिवशी कमी पडू शकतो.

‘एआयने प्रतिजैविक शोधलं’ ही बातमी बहुधा हॅलिसिन या रेणूची किंवा त्याच वळणावरची. २०२० मध्ये एमआयटीच्या गटाने हे केलं. तुम्हाला आकडे आवडतील. आधी २,३३५ रेणू प्रत्यक्ष जिवाणूंवर टाकून कोणता त्यांची वाढ रोखतो ते पाहिलं. हे प्रशिक्षण. मग इतर आजारांसाठी तपासलेल्या ६,१११ रेणूंच्या यादीवर मॉडेल चालवलं. त्यातले वरचे ९९ प्रयोगशाळेत तपासले, ५१ चालले. त्यातून, आधीच्या प्रतिजैविकांशी रचनेत न जुळणारा म्हणून एक निवडला. हा रेणू आधी मधुमेहासाठी अभ्यासला गेला होता. उंदरांवर तो चालला. पण पुढचा रस्ता, म्हणजे माणसातली मात्रा, विषारीपणा, चाचण्यांचे टप्पे, तसाच लांब राहिला आणि औषध म्हणून ते अजून बाजारात नाही. मॉडेलने हजारोंच्या ढिगातून शंभर उचलून दिले, हे मोठंच काम झालं. पण ९९ पैकी ४८ चुकले होते, आणि ते कोणते हे फक्त प्रयोगातून कळलं.

ताळा करणाराही यंत्रच असेल तर काय होतं, याचाही नमुना आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ नवे पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं. बनवलं यंत्रमानवाने, आणि ‘बनलं’ हेही क्ष-किरणांचे आलेख आपोआप वाचून ठरवलं. घन पदार्थांच्या रसायनशास्त्रज्ञांनी तेच आलेख हाताने तपासले आणि आक्षेप घेतला : यातले बरेचसे आधीच माहीत असलेले पदार्थ आहेत, अणूंच्या जागांमधला विस्कळीतपणा यंत्राने लक्षात घेतलेला नाही. प्रयोगशाळा चालली यात वाद नाही. वाद ‘नवे’ या शब्दावर आहे, आणि मथळ्यात तोच शब्द होता.

आता ‘डॉक्टरांपेक्षा अचूक’. इथे जरा थांबू या, कारण नुकसान होऊ शकतं ते इथेच.

कोविडच्या पहिल्या वर्षात छातीच्या प्रतिमांवरून आजार ओळखणाऱ्या मॉडेलांचा पूर आला होता. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी २,२१२ अभ्यास गोळा केले. चाळण्या लावल्यावर तपशिलात तपासण्याजोगे ६२ उरले, आणि प्रत्यक्ष रुग्णालयात वापरता येईल असं त्यांत एकही निघालं नाही. कारणं शिकण्यासारखी आहेत. काहींनी ‘कोविड नसलेले’ म्हणून एका जुन्या संग्रहातल्या प्रतिमा घेतल्या होत्या, त्या १ ते ५ वर्षांच्या मुलांच्या होत्या. कोविडचे रुग्ण मोठी माणसं. अशा संचावर मॉडेल मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकतं, आणि अचूकता मात्र झकास येते. २०१८ च्या न्यूमोनियावरच्या एका अभ्यासात तर प्रतिमा कोणत्या रुग्णालयातली आहे हे मॉडेल जवळजवळ शंभर टक्के ओळखत होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, म्हणून रुग्णालय ओळखलं की अर्धं उत्तर हाती. बाहेरच्या रुग्णालयात नेल्यावर कामगिरी घसरली.

दुसरा दोष म्हणजे गळती. परीक्षेचे प्रश्न अभ्यासाच्या वहीत सापडणं. एकाच रुग्णाच्या चार प्रतिमांतल्या तीन प्रशिक्षणात आणि एक चाचणीत गेली, तर मॉडेल आजार ओळखत नाही, माणूस ओळखतं. प्रशिक्षणाचा आणि चाचणीचा डेटा वेगळा करायच्या आधीच सगळ्याची सरासरी काढून आकडे समपातळीत आणले, तर तेवढ्यानेही चाचणीची माहिती आत झिरपते. प्रिन्स्टनच्या दोन संशोधकांनी २०२३ मध्ये अशा चुकांची मोजदाद केली, तर १७ विद्याशाखांतले २९४ शोधनिबंध त्यात अडकलेले निघाले.

तिसरं, नुसती टक्केवारी. हे गणित तुम्ही वहीत करा. १०,००० लोक, त्यातल्या १०० जणांना आजार. मॉडेल आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडतं आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर ‘नाही’ म्हणतं. म्हणजे ९० आजारी सापडले, आणि ९,९०० निरोगी लोकांतले ४९५ उगाच अडकले. ‘आजार आहे’ असं ज्यांना सांगितलं ते ५८५, त्यातले खरे ९०, म्हणजे सुमारे १५ टक्के. हेच मॉडेल अशा विभागात बसवा जिथे १०,००० पैकी ४,००० आजारी येतात. आता ३,६०० खरे आणि ३०० खोटे, म्हणजे ९२ टक्के बरोबर. यंत्र तेच, फक्त समोरची रांग बदलली. आणि पहिल्या रांगेत डोळे मिटून सगळ्यांना ‘आजार नाही’ म्हणणारा मूर्खही ९९ टक्के अचूक ठरतो! म्हणून ‘अचूकता ९९ टक्के’ एवढंच लिहिलेली बातमी सरळ बाजूला ठेवा. आजारी किती सुटले, निरोगी किती अडकले आणि रांग कोणती होती, हे तिन्ही आकडे हवेत.

चांगला ताळा कसा असतो, तेही पाहा. स्वीडनमध्ये ८०,००० हून अधिक महिलांना स्तनकर्करोगाच्या तपासणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटात दोन डॉक्टरांनी प्रतिमा वाचायच्या ही नेहमीची पद्धत, दुसऱ्यात एआयच्या मदतीने. २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या निकालात हजारी ५.१ विरुद्ध ६.१ कर्करोग सापडले आणि डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. तुलना आजच्या पद्धतीशी, माणसं खरी, वाटणी नशिबाने, आणि निर्णय शेवटी डॉक्टरांकडेच. असं काही दिसलं की बातमी धरा.

बातमी वाचताना आम्ही एवढंच पाहायला सांगू : तुलना कशाशी केली (आजच्या चांगल्या पद्धतीशी की मुद्दाम निवडलेल्या कच्च्या पद्धतीशी); चाचणीचा डेटा दुसऱ्या ठिकाणचा आणि नंतरच्या काळातला होता का; आणि ‘शोधलं’ म्हणजे संगणकावर, परीक्षानळीत, उंदरात की माणसात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीच्या पाचव्या-सहाव्या परिच्छेदात दडलेलं असतं. प्रीप्रिंट म्हणजे इतर तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा मसुदा, हेही लक्षात ठेवा.

चॅटबॉटकडे वळू. तो मजकुराचा पुढचा तुकडा कोणता येण्यासारखा आहे हे ठरवत ठरवत लिहितो. शोधनिबंधाच्या संदर्भाला ठरलेला साचा असतो : दोन-तीन आडनावं, वर्ष, भारदस्त शीर्षक, नियतकालिक, पानं. साचा ठरलेला असला की तो भरणं सोपं, आणि भरलेलं खरं असेलच असं नाही. तुम्हाला न सापडलेला निबंध असाच भरला गेला असणार. री ओढण्याचं कारण वेगळं आहे. ही यंत्रं घडवताना माणसांना कोणती उत्तरं आवडली याचे कौल वापरतात, आणि माणसांना आपल्याशी सहमत असलेली उत्तरं आवडतात.

त्याला एकदा तुमच्या घरच्या मैदानावर खेळवा. विचारा : मूळ किंमत ८०,०००, दर १५ टक्के, घटत्या शिल्लक पद्धतीने तीन वर्षांच्या घसाऱ्यानंतर पुस्तकी किंमत किती? उत्तर ४९,१३०. बरोबर आलं की ठामपणे म्हणा, ‘चूक. ४४,००० यायला हवं.’ ४४,००० हे सरळ रेषा पद्धतीचं उत्तर आहे. चांगलं यंत्र सांगेल की तुम्ही पद्धत बदलली आहे. माफी मागून ४४,००० वर आलं, तर ज्या विषयात तुम्हाला उत्तर माहीत नाही तिथे ते तुमच्या मताला किती लवकर शरण जाईल याचा अंदाज आला. हा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी नवं संभाषण उघडून करा. एकदा बरोबर आलं म्हणजे नेहमी येईल असं नाही. अशिलांचे खरे हिशेब मात्र त्यात टाकू नका.

विज्ञान शिकताना संदर्भांची यादी त्याच्याकडून मागण्यापेक्षा मजकूर तुम्ही द्या. निबंध स्वतः शोधा, सारांश आणि पद्धतीचा भाग त्यात घाला आणि म्हणा, ‘फक्त या मजकुराच्या आधारे सांग, आणि प्रत्येक विधानासाठी मजकुरातलं वाक्य दाखव.’ मग दाखवलेलं वाक्य मूळ मजकुरात आहे का हे शोधाच्या चौकटीत टाकून पाहा. त्याने स्वतःहून संदर्भ दिला तर त्याचा डीओआय क्रमांक (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) डीओआयच्या अधिकृत संकेतस्थळावर टाका. क्रमांक उघडतो पण निबंध भलताच निघतो, असं पुष्कळदा होतं. निबंध खरा निघाला तरी काम संपत नाही. तो तेच म्हणतो का, हे सारांश वाचून पाहावं लागतं. मत विचारताना तुमची बाजू दाखवू नका. ‘प्रयोगशाळेतलं शिक्षण अजून गरजेचं आहे ना?’ असं विचारण्याऐवजी ‘हे विधान कोणत्या पुराव्याने चूक ठरेल?’ असं विचारा, आणि उलट विधान नव्या संभाषणात. आकडेमोड असेल तर सूत्रं मागा आणि ती तुमच्या स्प्रेडशीटमध्ये चालवा.

आणि आधी स्वतः सोडवा. तुर्कस्तानातल्या माध्यमिक शाळांत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावात ज्यांना साधा चॅटबॉट दिला, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी आले. ज्यांना उत्तर न सांगता फक्त इशारे देणारी आवृत्ती दिली होती, त्यांचं हे नुकसान जवळपास झालं नाही. म्हणून मुलीने चॅटबॉटला सुरुवातीलाच बजावावं : ‘उत्तर सांगू नको. माझी पायरी वाच, चूक कुठल्या ओळीत आहे एवढंच सांग.’

मुलीसाठी एक प्रयोगही देतो, पायथॉन येत असेल तर तासाभराचा. ५० नमुने घे, प्रत्येकाला ५,००० रकाने, सगळे निव्वळ यादृच्छिक आकडे. नाणं उडवून निम्म्यांवर ‘आजारी’ आणि निम्म्यांवर ‘निरोगी’ असं लेबल लाव. सगळ्या ५० नमुन्यांवर पाहून लेबलांशी जास्तीत जास्त जुळणारे १०० रकाने निवड, आणि मग त्या १०० वर नेहमीसारखी, आळीपाळीने काही नमुने बाजूला ठेवून चाचणी घे. अचूकता ९० च्या पुढे जाईल. शिकण्यासारखं काहीच नसलेल्या डेटात! आता रकान्यांची निवड प्रत्येक फेरीत फक्त प्रशिक्षणाच्या नमुन्यांवर करून पुन्हा चालव. अचूकता ५० च्या आसपास घसरेल, जी असायलाच हवी. पुढे कुठल्याही मॉडेलचा निकाल फार गोड वाटला, तर लेबलं पिसून तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा चालवायचं. तरीही गोड आला तर कुठेतरी गळती आहे.

हे तिला जमलं, सोबत संख्याशास्त्राचा एक पक्का अभ्यासक्रम झाला आणि हात पिपेटवर बसलेला असला, तर यंत्राचे ९९ रेणू तपासणाऱ्या टेबलावर ती नक्की असेल. पिपेटचाही ताळा असतो. १,००० मायक्रोलिटर शुद्ध पाणी तराजूवर दहा वेळा टाकायचं. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वेळी ०.९९७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. वजनं विखुरलेली आली तर हात चुकतोय. सगळी एकाच बाजूला सरकलेली आली, तर आधी पिपेट तपासायची.

पैसे भरून आवृत्ती आताच घेऊ नका. वरचा घसाऱ्याचा आणि संदर्भांचा सराव फुकट आवृत्तीवर होतो. मजकूर जोडण्याची मर्यादा रोज आड येऊ लागली, तर एका महिन्यापुरती घ्या, आणि घेतानाच आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवा.